ओटा, रस्ता आणि आठवण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आपल्या ट्रस्टने मला या व्याख्यानमालेसाठी निमंत्रण दिले, तेव्हा 'मधुमेह आणि आहार' असा विषय सुचविण्यात आला होता. मधुमेहावर आपण पुष्कळ ऐकले आहे. माझ्या दवाखान्यात तर दररोज ऐकता. म्हणून विश्वस्तांची परवानगी घेऊन मी विषय बदलला. उतारवयात माणसाची स्मरणशक्ती व आकलनशक्ती टिकते कशी, ढासळते कशी, आणि त्यात त्याच्या घराभोवतीच्या परिसराचा वाटा किती, या विषयावर मी बोलणार आहे. हा विषय मी पुस्तकातून निवडलेला नाही. तो माझ्या घरातून आला आहे, आणि त्यात माझी एक चूकही आहे. ती आधी सांगतो.

आपल्यापैकी अनेकांना माझे वडील आठवत असतील. आम्ही त्यांना बापूजी म्हणत असू. पौडच्या बाजारपेठेत त्यांचे किराणा व भुसार मालाचे दुकान होते. घर मागे, दुकान पुढे. दुकानाला दगडी ओटा होता आणि त्या ओट्यावर सकाळपासून कोणी ना कोणी बसलेले असे. मावळातून आलेला शेतकरी आंबेमोहोराच्या भावाची चौकशी करी, कोणी मुलीच्या लग्नाची यादी घेऊन येई, तर कोणी केवळ एस.टी.ची वाट पाहत टेके. बापूजी पाचवीपर्यंत शिकलेले. परंतु पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सारे मुखोद्गत. रोजमेळ स्वतः लिहीत, आणि उधारीची वही न उघडता कोणाकडे किती येणे आहे ते सांगत. घरी मारवाडी, गिऱ्हाइकांशी मराठी, पुण्याच्या व्यापाऱ्यांशी हिंदी व थोडी गुजराती असा त्यांचा दिवस चाले. पहाटे स्थानकात सामायिक, सायंकाळी प्रतिक्रमण. घरापासून स्थानक दोनशे पावलांवर होते. परंतु त्या दोनशे पावलांना त्यांना अर्धा तास लागे, कारण प्रत्येक ओट्यावर थांबणे होत असे.

२०१४ मध्ये त्यांनी वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे पूर्ण केली. दुकान आटोपते घेतले होते, घराचा जिना उंच होता, आणि मी पिरंगुटला व्यवसायात गुंतलेलो. भूगावच्या बाजूस एका नावाजलेल्या संकुलात आम्ही सदनिका घेतली. नववा मजला, लिफ्ट, चोवीस तास पाणी, चालण्यासाठी स्वतंत्र मार्ग, बाग, पहारेकरी. आई-वडिलांना तेथे नेताना आपण पुत्रधर्म पार पाडीत आहोत, अशीच माझी भावना होती. नातेवाइकांनी कौतुकही केले.

पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी बापूजी सातव्या मजल्यावर उतरून दुसऱ्याच घराच्या कुलपाला किल्ली लावीत असल्याचे पहारेकऱ्याने सांगितले. आम्ही हसलो. सगळे मजले एकसारखेच दिसतात, माझीही गल्लत होते, असे मी म्हणालो. पुढे ते बागेत जाण्यास नाखूश झाले, दूरदर्शनसमोर बसून राहू लागले, एकच प्रश्न तीनदा विचारू लागले. 'वय झाले,' असे मी आईला सांगत राहिलो. हेच लक्षण दुसऱ्याच्या वडिलांविषयी कोणी माझ्या दवाखान्यात येऊन सांगितले असते, तर मी त्याच दिवशी तपासण्या लिहून दिल्या असत्या. स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत मी दीड वर्ष घालविले. निदान झाले तेव्हा स्मृतिभ्रंश, ज्यास आपण डिमेन्शिया म्हणतो, तो मध्यम अवस्थेत पोहोचला होता.

त्यानंतरची एक घटना माझ्या मनातून जात नाही. एका नातेवाइकाच्या लग्नानिमित्त त्यांना पौडला नेले. एस.टी. स्थानकापाशी गाडीतून उतरविले आणि मी गाडी लावण्यास वळलो. परत पाहतो तो बापूजी तेथे नाहीत. माझे पाय गळाले. धावत बाजारपेठेत गेलो, तर ते आपल्या जुन्या दुकानाच्या ओट्यावर बसलेले, दुकान आता दुसऱ्याचे, आणि शेजारच्या शिंपीकाकांना त्यांच्या मुलाचे नाव घेऊन कुशल विचारीत होते. मध्ये तीन वळणे आहेत. ती त्यांनी कोणालाही न विचारता पार केली होती. भूगावात ज्यांना आपले दार सापडत नव्हते, त्यांना पौडात आपला ओटा सापडला.

त्यावरून मी असा निष्कर्ष काढणार नाही की, पौडला ठेवले असते तर त्यांना हा आजार झालाच नसता. तसे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. आजाराची सुरुवात बहुधा स्थलांतरापूर्वीच झाली असावी. मेंदूतील हे बदल लक्षणे दिसण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून सुरू असतात. परंतु पौडच्या बाजारपेठेने त्यांना सावरून धरले होते. नाव विसरले तर समोरचा ते सांगे. रस्ता चुकला असता तर दहा जणांनी हात धरून घरी आणले असते. आम्ही तो आधार काढून घेतला आणि त्याच्या जागी लिफ्ट दिली.

यामागील शास्त्र थोडक्यात सांगतो. आपल्या मेंदूत कानाच्या आतल्या अंगास 'हिप्पोकॅम्पस' नावाचा एक लहानसा भाग आहे. नव्या आठवणी साठविण्याचे काम तेथून चालते, आणि आपण कोठे आहोत याचा नकाशा सांभाळण्याचे कामही त्याच भागात व त्याच्या शेजारी चालते. हा नकाशा मेंदू कसा तयार करतो, हे दाखवून दिल्याबद्दल जॉन ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग पाहा, त्याच वर्षी मी बापूजींचा नकाशा बदलला. अल्झायमर या आजारात याच भागाला प्रथम झळ पोहोचते. म्हणून जुना, साठ वर्षे पायाखालून गेलेला रस्ता दीर्घकाळ टिकतो. नवा रस्ता मात्र मनात उतरतच नाही. एकसारखी दारे, एकसारखे रंग, एकसारखे मजले ही वास्तुविशारदाच्या दृष्टीने शोभा असेल, वृद्धाच्या दृष्टीने तो चकवा आहे.

आता थोडे आकडे. भारतातील वृद्धत्वाचा एक दीर्घकालीन अभ्यास 'लासी' या नावाने ओळखला जातो. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि परदेशातील विद्यापीठे यांनी मिळून तो हाती घेतला. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती गोळा करण्यात आली. त्यातील स्मृतिभ्रंशविषयक भागाच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढील भारतीयांत या आजाराचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, इतके आहे. स्त्रियांत ते पुरुषांहून अधिक, आणि ग्रामीण भागात शहरापेक्षा अधिक.

हा शेवटचा भाग ऐकून आपण चमकला असाल. मी आताच गावच्या ओट्याची महती गायली आणि आकडे सांगतात की, खेड्यात प्रमाण जास्त! मीही प्रथम गोंधळलो होतो. परंतु खेडे म्हणजे केवळ ओटा नव्हे. खेडे म्हणजे न झालेले शिक्षण, न तपासलेला रक्तदाब, चुलीचा धूर, न काढलेला मोतीबिंदू हेही आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये असे चौदा घटक नोंदविले, ज्यांच्यावर आयुष्यभर उपाय केल्यास जगातील स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के प्रमाण टाळता अथवा लांबविता येऊ शकेल. त्यात अल्पशिक्षण, उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, दृष्टिदोष, व्यायामाचा अभाव यांच्याबरोबरच हवेचे प्रदूषण आणि एकाकीपणा यांचा समावेश आहे. यातील शेवटचे दोन घटक तर सरळसरळ परिसराचेच होत. बाकीच्यांपैकीही पुष्कळसे, माणूस कोठे राहतो यावर अवलंबून असतात. घराबाहेर पाय ठेवण्यास निर्भय जागा नसेल, तर 'रोज चाला' हा माझा सल्ला कागदावरच राहतो.

या विषयावरील एक संशोधन मला फार जवळचे वाटले. ते आपल्या देशातील नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील टेक्सास, कॅलिफोर्निया, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या पाच राज्यांत मेक्सिकन वंशाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यातील ६५ वर्षांपुढील सुमारे तीन हजार वृद्धांचा अभ्यास १९९३-९४ पासून सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालू राहिला. त्यावर आधारित एक निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या वस्तीत राहणाऱ्यांची आकलनशक्ती अधिक ढासळते, असे त्यात आढळले. ते अपेक्षितच होते. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो परिसरात झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासातही तसेच दिसून आले. परंतु २००९ च्या निबंधात एक अनपेक्षित गोष्टही होती. ज्या वस्तीत मेक्सिकन कुटुंबांचे प्रमाण अधिक, तेथील वृद्धांचा ऱ्हास तुलनेने कमी होता. म्हणजे गरिबी एका बाजूने ओढत होती, आणि आपली माणसे, आपली भाषा, आपले सणवार दुसऱ्या बाजूने धरून ठेवीत होते.

मी तो निबंध वाचला तेव्हा मला आपली बाजारपेठ आठवली. राजस्थानातून आणि गुजरातेतून आलेली आपली कुटुंबे पिढ्यान् पिढ्या एकाच गल्लीत का राहिली, याची व्यापारी कारणे आपण जाणतोच. परंतु त्या एकत्र राहण्याने वृद्धांचे काही राखले जात होते, याची कल्पना कोणास होती? मात्र येथे एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होतेच असे नाही. ज्यांची प्रकृती चांगली तेच चांगल्या वस्तीत राहावयास जातात, असेही असू शकते. शिवाय आपलेच लोक आपल्याच गल्लीत, एवढ्याने भागत नाही. बापूजींच्या ओट्यावर बसणाऱ्यांपैकी जैन किती होते? फार थोडे. त्यांची बुद्धी लखलखीत ठेवली ती मावळातल्या शेतकऱ्याने, शिंप्याने, मास्तरांनी आणि एस.टी.च्या कंडक्टरने.

भाषेचेच पाहा. हैदराबादच्या निम्स रुग्णालयातील डॉ. सुवर्णा अल्लादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये असे दाखविले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता. विशेष म्हणजे निरक्षरांतही हा फरक आढळला. आपला समाज या बाबतीत भाग्यवान. दुकानावर बसणारा प्रत्येक जण तीन-चार भाषा सहज वापरतो. परंतु भाषा वापरावयास माणूस लागतो. नवव्या मजल्यावर बापूजींची मराठी बंद पडली, कारण बोलणार कोणाशी? शेजारचे तरुण जोडपे सकाळी आठला हिंजवडीस जाई आणि रात्री परत येई. ती मुले सुस्वभावी होती, लिफ्टमध्ये नमस्कार करीत. त्यांचा काही दोष नव्हता.

आपला मुळशी तालुका गेल्या पंचवीस वर्षांत किती बदलला, हे मी आपणांस सांगावयास नको. पूर्वेकडे हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत गेली. भूगाव, भुकूम, पिरंगुट, लवळे येथे डोंगराच्या पायथ्याशी उंच इमारती आल्या. पश्चिमेस ताम्हिणीच्या बाजूला मात्र अजूनही डोंगरउतारावरच्या वाड्या आहेत. तेथील तरुण पुण्यास गेले आणि घरात दोन म्हातारी माणसे उरली. पावसाळ्याचे चार महिने तर तिकडे उंबऱ्याबाहेर पडणेच कठीण. एका टोकाला गर्दीतील एकाकीपणा, दुसऱ्या टोकाला ओसाडीतील एकाकीपणा. आणि मधून जाणारा आपला पुणे-पौड रस्ता. तो रुंद झाला, गाड्या सुसाट झाल्या, दळणवळण वाढले, हे चांगलेच. परंतु सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तो पायी ओलांडावा कसा? माझ्या दवाखान्यासमोर काठी घेतलेली माणसे दहा-दहा मिनिटे उभी असलेली मी पाहतो. त्यांतील काही जण पुढे येईनासे होतात. घरच्यांना वाटते, गुडघे दुखतात म्हणून जात नाहीत.

या तालुक्याने जागा गमावण्याचे दुःख पूर्वीही सोसले आहे. टाटांच्या धरणासाठी मावळातील गावे पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये येथे सत्याग्रह झाला आणि सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. धरण झाले. तेव्हाच्या वृद्धांच्या स्मृतीचे काय झाले, हे कोणी मोजले नाही. तशी पद्धतच नव्हती. पण भाताची खाचरे, देऊळ, पाणवठा आणि शेजार हे सारे एकदम गेल्यावर साठी उलटलेल्या माणसाच्या मनाचा नकाशा कशावर उभा राहिला असेल, असा प्रश्न बापूजींच्या आजारानंतर मला धरणाकडे पाहताना पडतो.

एक वैद्यकीय गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या आहाराशी संबंधित आहे. विसराळूपणाचे प्रत्येक उदाहरण म्हणजे अल्झायमर नव्हे. थायरॉइडचे विकार, नैराश्य, काही औषधांचे परिणाम आणि 'ब-१२' या जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही स्मृती मंदावते, आणि वेळेवर उपचार केल्यास ती सुधारूही शकते. शाकाहारी लोकांत ब-१२ ची कमतरता विशेष आढळते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या व्रतनियमांना बाध न येता गोळीच्या अथवा इंजेक्शनच्या रूपाने ही उणीव भरून काढता येते. घरातील वडीलधारी मंडळी विसरू लागली तर 'वय झाले' म्हणून बसू नका. मी बसलो होतो.

माझ्या आईचीही हकिगत सांगावयास हवी, अन्यथा नव्या संकुलांवर अन्याय होईल. आम्ही तिला बाई म्हणतो. ती त्याच नवव्या मजल्यावर, त्याच लिफ्टने जात-येत राहिली. बापूजी २०१९ मध्ये गेले. नंतर तिला मी पौडला परत नेण्याचा विचार करीत होतो. ती म्हणाली, "आता तिथे तरी कोण उरलंय? मला इथंच राहू दे." झाले असे होते की, खालच्या मजल्यावरील एका निवृत्त मराठी शिक्षिकेने तिला सायंकाळी बाकावर बसावयास बोलाविले. पुढे तेथे पाच-सहा जणी जमू लागल्या; एक कानडी, एक सिंधी, दोघी मराठी. बाई त्यांना पापड लाटण्यास शिकवी आणि त्या तिला मोबाइलवर नातवंडांचे फोटो पाहण्यास शिकवीत. आपल्या चार भगिनींनी क्लब हाऊसच्या एका कोपऱ्यात सामायिक सुरू केले, तेथेही ती जाते. आणि तिने स्वतःच्या बुद्धीने एक गोष्ट केली. आपल्या दाराला ठसठशीत पिवळ्या फुलांचे तोरण बांधले आणि ते कधी काढले नाही. मजला चुकला तर तोरण नाही, म्हणजे आपले घर नाही. मी डॉक्टर असून मला हे बापूजींसाठी सुचले नव्हते.

म्हणजे प्रश्न जुने विरुद्ध नवे असा नाही. बाकडे कोठे आहे, त्यावर कोण बसते आणि तेथवर पायी पोहोचता येते का, इतकाच तो आहे.

आता मी ज्या कारणासाठी येथे उभा आहे त्याकडे येतो. सुवर्णमहोत्सवानिमित्त हमरस्त्यालगत नवे भवन बांधण्याचा संकल्प आपल्या ट्रस्टने सोडला आहे. भव्य सभागृह, भोजनशाळा, साधू-साध्वींसाठी सोयी, शंभर गाड्या उभ्या राहतील असे आवार. या संकल्पास माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे आणि माझा अल्पसा वाटाही मी नोंदविला आहे. परंतु भवन तयार झाल्यावर बाजारपेठेतील जुने स्थानक बंद करून ती जागा भाड्याने द्यावी, असा एक विचार मी ऐकला. त्यास माझा नम्रपणे विरोध आहे. नवे भवन तीन किलोमीटर दूर आहे. तेथे पर्युषणात सारे जण गाडीने येतील, यात शंका नाही. पण पहाटेच्या सामायिकास, सायंकाळच्या प्रतिक्रमणास वर्षाचे उरलेले दिवस येणारी जी पंधरा-वीस वृद्ध मंडळी आहेत, त्यांना रोज कोण नेणार? पहिला महिनाभर मुले नेतील. नंतर 'आज घरीच करा' असे होईल. मी माझ्या घरात हे पाहिले आहे.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, दैनंदिन आराधना जुन्याच जागी चालू ठेवावी. त्या इमारतीच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवावा. आज तो नाही. शौचालय तळमजल्यावर आणावे, कारण केवळ त्या एका अडचणीपायी येईनासे झालेले चार जण मला ठाऊक आहेत. स्थानकापासून बाजारपेठेच्या तोंडापर्यंत तीन ठिकाणी पाठ टेकता येईल अशी बाकडी ठेवण्यास ग्रामपंचायतीची परवानगी मागावी. ती केवळ आपल्यासाठी नसावीत, ज्यास बसावयाचे त्याने बसावे. आणि एक साधी वही ठेवावी. रोज येणारा श्रावक अथवा श्राविका सलग तीन दिवस आली नाही, तर चौथ्या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी त्या घरी जाऊन यावे. वैयावृत्त्य आपल्याकडे तपात मोजले आहे. त्यासाठी वेगळा निधी लागणार नाही.

वहीचे काम पहिले वर्षभर मी स्वतः पाहीन. दवाखाना सायंकाळी सातला बंद होतो, त्यानंतर मी मोकळा असतो. विश्वस्त मंडळाने येत्या सभेत याचा निर्णय घ्यावा, अशी प्रार्थना करतो.